कागद आधी, बूट नंतर

प्रिय बाळा,

परवा हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव आटोपल्यावर तू मला गाठलंस. "सर, रग्बीचा संघ नवा आहे, पहिल्या वर्षी मारच खाणार. जाऊ की नको?" मी काहीच बोललो नाही, कारण प्रश्नच चुकीचा होता. जायचंच रे. गुडघा गेला तर खर्च कुणाचा, हे विचार. आणि उत्तर कागदावर घे.

जपानचा सनवुल्व्ह्ज संघ बघ. 2016 साली सुपर रग्बी ही परदेशातली व्यावसायिक स्पर्धा 15 वरून 18 संघांची झाली, तेव्हा तो आत आला. पहिल्या हंगामात 15 पैकी 13 सामने हरला, 1 बरोबरीत सुटला, 1 जिंकला. एकदा तर 92-17 अशी धूळधाण. त्यात लाज कसली? पण 2020 नंतर त्या संघाला स्पर्धेत जागाच राहिली नाही. जिंकलो तर टिकू म्हणशील, तर त्याच वर्षी आलेला अर्जेंटिनाचा हाग्वारेस 2019 ला अंतिम फेरीत पोचला होता. पुढच्या वर्षी महामारीत स्पर्धा थांबली, आणि नव्याने मांडली तेव्हा त्यात हाग्वारेस नव्हता. भरती बघून होडी लोटणाऱ्याला ओहोटी मी शिकवायची का?

आपल्याकडची रग्बी प्रीमियर लीग 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला झाली. सहा संघ, सात-सात जणांचा खेळ. जूनमध्ये बोटी बंदच असतात, पोरगा मोकळाच आहे, असं तुझे बाबा म्हणाले. खरंय. पण ऑगस्टात बोट सुटेल आणि तू प्लास्टर घालून ओटीवर बसलेला असशील, तर खलाशाचा वाटा कोण देणार? कागदावर घे.

मी घेतला नव्हता. एका कंपनीच्या कबड्डी संघात होतो. "नोकरी पक्कीच समज," असं साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, आणि मी समजलो. उपांत्य फेरीत उजवा गुडघा फिरला. साहेबांची बदली झाली होती, नव्या साहेबांना चहा आठवेना. आजही घराच्या चिऱ्याच्या पायऱ्या चढताना गुडघा कटकट वाजतो. तुझी काकू म्हणते, मी कडवट झालोय, पोरांना भिववतो. भिववत नाही. तेव्हा मागायला लाज वाटली, एवढंच. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही मागितलं नसतं. असो.

खेळाचं एकच सांगतो. तुझा अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, मी घडवलाय, पण तो आता मोडावा लागेल. कबड्डीत पकडलेला पाय सोडायचा नाही, पंचाची शिट्टी होईपर्यंत. रग्बीत गडी खाली आला की हात लगेच सुटले पाहिजेत, नाहीतर पेनल्टी. तुझी बोटं ऐकणार नाहीत. धाकट्या भावाला चेंडू देऊन पुळणीवर रोज पन्नास वेळा पाड आणि सोड. डोकं त्याच्या मांडीमागे ठेव, पुढे घातलंस तर मान जाईल.

करार आला की सगळ्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मागच्या वेळी पोलीस भरतीचा फॉर्म आडवा-तिडवा पाठवला होतास, निम्मा वाचताच आला नाही. या वेळी उजेडात, सरळ धरून काढ. सही त्यानंतर.

तुझा,
सर