डीआर साइटचे सर्व्हर चालू झाले म्हणजे चाचणी झाली का?

तुमच्याकडे बॅकअप रोज होतो, दुसऱ्या ठिकाणी डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट, म्हणजे मुख्य साइट बंद पडली तर काम चालवायची पर्यायी जागा, आहे, प्लॅनची फाइलही आहे. आता ऑडिटर चाचणीचा पुरावा मागतोय, तर तिकडचे सर्व्हर चालू करून स्क्रीनशॉट दिले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. त्यातून फक्त सर्व्हरला वीज मिळते एवढंच कळतं.

एका ड्रिलचा, म्हणजे अशा तालमीचा, अनुभव सांगतो. डेटाबेस वर आला, ॲप्लिकेशन उघडलं, मॉनिटरिंगवर सगळं हिरवं दिसत होतं. तपासायला अकाउंट्सच्या एक मॅडम बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी टाकलेल्या शेवटच्या बिलाचा नंबर त्यांनी डायरीत लिहून आणला होता. तो शोधला, सापडेना. आदल्या दिवसाची बिलंही नव्हती. रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य साइटचा डेटा सतत डीआरवर उतरवणं, तीन दिवसांपासून अडकलं होतं आणि त्याचे अलर्ट जात होते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर. कागदावर आमचा आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळचा डेटा गेला तर चालेल तो आकडा, 15 मिनिटांचा होता. तेव्हापासून ड्रिल सुरू होण्याआधी मी प्रत्येक विभागाकडून शेवटची नोंद लिहून घेतो आणि नंतर त्यांनाच ती शोधायला लावतो. ‘झालं’ हे आयटीने म्हणायचं नाही, काम करणाऱ्याने म्हणायचं.

असं मोठ्यांच्याही बाबतीत झालंय. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली. बॅकअपच्या सोयी अनेक होत्या, पण डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, काढणारं टूल पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या चुकीच्या आवृत्तीचं असल्यामुळे फेल होत होतं आणि त्याची सूचना देणारे मेल पोचतच नव्हते. शेवटी एका इंजिनिअरने साधारण 6 तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, कामी आला. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. बॅकअप जॉबचा ‘सक्सेस’ पाहून थांबू नका. रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करून पाहा.

रिस्टोअर करताना घड्याळ लावा. 2 टीबी डेटा 1 जीबीपीएसच्या लाइनवरून आणायला साधारण साडेचार तास लागतात, तेही लाइन पूर्ण मोकळी मिळाली तर. प्लॅनमध्ये आरटीओ, म्हणजे काम पुन्हा सुरू व्हायची मुदत, 4 तासांची लिहिली असेल तर ती पहिल्याच पायरीवर मोडते. आणि वेळ मोजायची ती बिघाड झाल्यापासून. डीआर जाहीर करायचा निर्णय कोण घेणार, यावरच तासभर गेलेला मी पाहिलाय.

सगळ्यात महत्त्वाचं, जे संकटात नसेल ते चाचणीतही काढून घ्या. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक जवळपास 6 तास बंद होतं. नेटवर्कबरोबर इंजिनिअरांची आतली टूल्सही गेली होती, डेटा सेंटरमध्ये शिरायलासुद्धा वेळ लागला. तुमची प्लॅनची फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे? बॅकअपची एन्क्रिप्शन की ज्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहे, तो व्हॉल्ट कुठे चालतो? डीआर साइटवर लॉगिनसाठी मुख्य साइटचाच डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) लागतो का? हे प्रश्न आधी टेबलटॉपला, म्हणजे नुसत्या चर्चेच्या तालमीला घ्या, सगळ्यांना एका खोलीत बसवून. दोन तासांत निम्म्या चुका तिथेच कळतात आणि कुठलाही सर्व्हर बंद करावा लागत नाही.

माणसांनाही हाच नियम. प्रत्येक टीममध्ये सगळं डोक्यात ठेवणारा एक जण असतो. ड्रिलच्या दिवशी त्याला फोनसुद्धा करायचा नाही. ज्याने ती सिस्टिम कधी उभी केली नाही त्याच्या हातात कागद द्या आणि तो कुठे अडतो ते बाजूला बसून लिहा. कमांडमधला जुना आयपी, मशीनच्या मॅक ॲड्रेसला बांधलेलं लायसन्स, संपलेलं सर्टिफिकेट, फायरवॉलमध्ये न उघडलेला पोर्ट, हे सगळं असंच बाहेर येतं.

एक सावधगिरी मात्र नक्की घ्या. डीआरची मशीन वेगळ्या नेटवर्कमध्ये उठवा आणि शेड्यूल केलेले जॉब आधी बंद करा. नाहीतर तिथूनही ग्राहकांना मेल जातील, पेमेंटच्या फाइली दुसऱ्यांदा सुटतील.

खरं फेलओव्हर करणार असाल, म्हणजे चालू काम खरोखर डीआरवर हलवणार असाल, तर परत येण्याचीही तालीम करा. डीआरवर तयार झालेला नवा डेटा मुख्य साइटवर आणणं हे मला नेहमी जास्त अवघड गेलंय, आणि प्लॅनमध्ये त्याला बहुधा दोन ओळी असतात.

वर्षातून एक मोठं ड्रिल ठीक आहे, पण रिस्टोअर दर महिन्याला, दर वेळी वेगळी सिस्टिम घेऊन करा. ऑडिटरला स्क्रीनशॉटऐवजी त्या दिवसाची टाइमलाइन द्या: किती वाजता काय केलं, कुठे अडलं. जे फसलं ते खोडू नका. त्याच्यापुढे ते दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका, आणि त्या तारखेनंतर तेवढाच भाग पुन्हा चालवून बघा.