बॅटरीचा लाल दिवा लागतच नाही आणि बॅटरी उतरते: आधी डायनामो बदलू नका

तुम्ही लिहिलंय: जुनी डिझेल जीप, चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागत नाही, दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते, जोरात रेस दिली की कधीतरी चार्जिंग सुरू होतं. वायरमनने नवी बॅटरी बसवली आणि आता म्हणतो डायनामो बदला. आणि अगदी शेवटी, जाता जाता: "मागच्या महिन्यात मीटरमध्ये (डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या पॅनेलमध्ये) एलईडी टाकले." अहो, सुरुवात तिथूनच करायची होती!

आपण समजतो की हा दिवा फक्त खबर देतो. अशा जुन्या अल्टरनेटरमध्ये (ज्याला आपण डायनामो म्हणतो) तो चार्जिंगच्या सर्किटचाच भाग असतो. चावीकडून आलेला करंट मीटरमधल्या बल्बमधून अल्टरनेटरच्या डी-प्लस नावाच्या टोकाला (काहींवर एल लिहिलेलं असतं) जातो आणि तिथून रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) व रोटरच्या (आत फिरणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलमधून अर्थला, म्हणजे बॉडीला. म्हणून इंजिन बंद असताना दिवा पेटतो. त्याच करंटने रोटरमध्ये सुरुवातीचं चुंबकत्व येतं. इंजिन चालू झालं की डी-प्लसवर बॅटरीइतकेच व्होल्ट येतात, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखा दाब, दिवा विझला.

साध्या २ वॉटच्या बल्बमधून सुमारे ०.१७ अँपिअर जातो. एलईडीतून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच, आणि उलटा बसवला असेल तर जवळपास काहीच नाही. तुमचा दिवा अजिबात लागत नाही, त्यामुळे मला उलट्या एलईडीचाच संशय आहे. रेस दिल्यावर चार्जिंग सुरू होतं ते रोटरच्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर.

खात्री अशी करा. चावी ऑन, इंजिन बंद. अल्टरनेटरच्या डी-प्लसवरची बारीक वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा पेटला तर मीटरपासून इथपर्यंतची लाइन जोडलेली आहे, नाही पेटला तर दोष बल्ब, होल्डर, वायर किंवा फ्यूजमध्ये. हात लावण्याआधी वायर नीट ओळखा! शेजारची जाड वायर थेट बॅटरीची असते, ती बॉडीला टेकली तर ठिणग्यांचा फवारा उडेल. या कामात मल्टिमीटरवर फार विसंबू नका. होल्डर गंजलेला असला तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट ओढतच नाही.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. वायर काढलेलीच ठेवून, बॅटरीच्या प्लसपासून २ वॉटचा बल्ब मध्ये घालून सरळ डी-प्लसला जोडा. बल्ब पेटायला हवा. इंजिन चालू करून हलकी रेस द्या. बल्ब विझला आणि बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर डायनामो ठणठणीत. बल्ब पेटलाच नाही तर कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) झिजलेत किंवा रेग्युलेटर गेलाय, तेव्हा डायनामो खोला. चाचणी झाली की हा बल्ब लगेच काढा, नाहीतर गाडी उभी असताना तोच बॅटरी खाईल. आणि चार्जिंग बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर उपटायची जुनी खोड कुणी सांगितली तर ऐकू नका. व्होल्टेज एकदम उसळून रेग्युलेटर आणि डायोड जातात.

माझ्या गाडीत दोष होल्डरच्या पितळी पानात होता. महिनाभर दिवा लागत नव्हता आणि मी खुशीत, लाल दिवा नाही म्हणजे सगळं ठीक! कसारा घाटात रात्री हेडलाइट पिवळे पडले, वायपर काचेवर अर्ध्यात थांबला, तेव्हा कळलं. खोडरबराने पान घासलं, काम झालं. खर्च शून्य.

तुमच्याकडे बाकीचे एलईडी राहू द्या, हा एकच काढून जुना फिलामेंटचा बल्ब घाला. एलईडीच हवा असेल तर सरळ बसवा आणि त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. रेझिस्टर तापतो, त्याला प्लास्टिकपासून लांब ठेवा. हे सगळं जुन्या अल्टरनेटरपुरतं. ईसीयूवर (गाडीतल्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या नव्या गाड्यांत ही वायर टेकवायचे प्रयोग करू नका.

बल्ब बदलायला मीटर बाहेर ओढण्याआधी मागून स्पीडोमीटरची केबल सोडवा. ती तशीच ताणली तर काटा कायमचा शून्यावर बसेल.