पडल्यानंतर डोळ्याखाली उडतंय, ही लकव्याची सुरुवात आहे का?

"सात आठवडे झाले, डोळ्याखालचं अजून उडूलाय. आत नस तुटली काय? उद्या तोंड वाकडं झालं तर?" खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, पंचेचाळिशीच्या बाईंचा हा प्रश्न. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून पाय घसरला आणि उजवा गाल कठड्यावर आपटला. शुद्ध गेली नाही, उलटी झाली नाही. बेळगावात सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. सूज ओसरली आणि मग उजव्या डोळ्याची खालची पापणी उडायला लागली. पुन्हा दाखवायला गेल्या तेव्हा "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालं.

असल्या उत्तराने भीती जात नाही. त्यांच्या थोरल्या दिरांना लकवा झालेला त्यांनी घरात बघितला होता. त्यात शेजारणीने सांगून ठेवलेलं, बाईमाणसाचा उजवा डोळा लवणं वाईट. त्यामुळे नुसता धीर देण्याआधी नीट विचारपूस गरजेची होती: नेमकं कुठे उडतं, किती वेळ, आणखी कशाबरोबर?

उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. पापणीतल्या पापणीत बारीक लहर उठून काही सेकंदांत थांबत असेल आणि डोळा नीट मिटत-उघडत असेल, तर ते बहुधा पापणीच्या स्नायूचं निरुपद्रवी स्फुरण असतं. जागरण, चहा-कॉफी आणि मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणं. ते आठवडे, कधी महिनेही चालतं. पापणीपासून सुरू होऊन त्याच बाजूचा गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जात असेल, झोपेतही थांबत नसेल, तर प्रकार वेगळा. त्याला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते तिथे बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. त्यावर न्यूरोलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमची इंजेक्शनं देतात आणि त्यांचा असर साधारण ३ ते ४ महिने टिकतो.

तिसरा प्रकार असा की हसलं की डोळा आपोआप बारीक होतो. यात आधी त्या बाजूचा चेहरा लुळा पडलेला असतो. दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि वाढताना काही धागे भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात, म्हणून हे काही महिन्यांनी दिसतं. इथे जोरजोरात फुगे फुगवणं किंवा स्वतःच्या मनाने विजेचा शेक घेणं यांनी चुकीची जोडणी पक्की होऊ शकते. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावेत. आणि तोंडाचा कोपरा ठेका धरल्यासारखा झटके देतो, पाठोपाठ हात हलतो, शब्द फुटत नाहीत, असं असेल तर ती फिट असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलट्या, गुंगी, तोल जाणं, हातपाय दुबळा पडणं, कानातून रक्त किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर १०८. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे नंबर एकच. जखम झाली होती आणि जबडा उघडेना झाला, तर धनुर्वाताच्या शंकेने तडक दवाखाना गाठायचा. साठीपुढच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने पहिल्या स्वच्छ सीटीवर पूर्ण विसंबू नये. मेंदूवर हळूहळू साठणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं. निपाणी-अथणीकडची माणसं निम्मे उपचार बेळगावात आणि निम्मे मिरज-कोल्हापुरात घेतात. सीटीची फिल्म आणि डिस्चार्जचा कागद सोबत नसला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

या बाईंचं उडणं पापणीपुरतंच होतं. ओठाला मुंग्या येत होत्या, त्यालाच त्या लकव्याची सुरुवात समजत होत्या. पण चेहऱ्याची जाणीव एका नसेकडे आणि हालचाल दुसरीकडे. गालाच्या हाडावर मार बसला की डोळ्याखालून जाणारी जाणिवेची नस दुखावते आणि गाल, वरचा ओठ, हिरडी बधिर वाटते. मेंदूच्या लकव्यात बळ जातं, तेही बहुधा अचानक. नुसती पापणी उडणं ही त्याची वर्दी नसते. हे कळल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या. तरी न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवायचं ठरलं, आणि तिथेही पापणीपुरतंच असल्याचं निदान झालं.

खरं काम त्यानंतरचं. दिवसभरात त्या कितीतरी वेळा कपाटाच्या आरशापुढे उभ्या राहत. श्वास रोखायचा, भुवया ताणायच्या, खालची पापणी बोटाने ओढून धरायची आणि आता उडेल म्हणून वाट बघायची. रात्री दोन वाजता मोबाइलचा कॅमेरा लावून तेच. झोप जेमतेम चार तास, चहा आठ कप. ज्या स्नायूला विश्रांती हवी त्याला त्या दिवसभर ताणत होत्या, आणि प्रत्येक तपासणीने भीतीला नवा पुरावा मिळत होता.

आरसा फक्त केस विंचरताना, दिवसातून दोनदा, एवढं पहिलं ठरलं. बघायचंच तर रविवारी, उजेडात, नवऱ्याने काढलेला ३० सेकंदांचा व्हिडिओ: चेहरा सैल, डोळे घट्ट मिटून, भुवया उचलून, मग हसून. न्यूरोलॉजिस्टकडे भाषेची अडचण आली तरी हाच व्हिडिओ कामी येतो. वहीत रोज तीन आकडे लिहायचे: झोपेचे तास, चहाचे कप, आणि उडण्याला ० ते ३ गुण. चहा एकदम तोडायचा नाही. तसं केलं की डोकं दुखतं आणि माणूस त्याचाही संबंध पडण्याशी लावतो. दर तीन दिवसांनी एक कप कमी करायचा, चारनंतर चहा नाही. पाहुण्यांसोबत घ्यावाच लागला तर अर्धा.

पापणी उडाली की हात गालाकडे न्यायचा नाही. दात सुटे, खांदे खाली, चारच्या मापाने श्वास आत आणि सहाच्या मापाने बाहेर, पाच वेळा, आणि हातातलं काम पुढे चालू. बहुतेक जण इथेच चुकतात. श्वास घेता घेता 'थांबलं का?' बघत राहतात, आणि ती पुन्हा तपासणीच झाली. श्वास पापणी थांबवण्यासाठी नाही, काम न सुटण्यासाठी आहे.

पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढली. तसं होतंच, आधीच सांगितलेलं बरं. नवरा काळजीपोटी रोज सकाळी "आज कसं हाय?" विचारायचा. त्या प्रश्नाने विसरलेली पापणी आठवायची. तोही रविवारवर गेला. चौथ्या आठवड्यात वही त्यांनी स्वतःच वाचली. ३ गुणांचे जवळजवळ सगळे दिवस पाच तासांपेक्षा कमी झोपेचे होते. पापणी अजून अधूनमधून उडते, विशेषतः गावच्या जत्रेत जागरण झालं की. उडणं गालापर्यंत पसरलं किंवा डोळा आपोआप मिटू लागला, तर वही आणि व्हिडिओ घेऊन पुन्हा न्यूरोलॉजिस्टकडे, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. भीतीने रात्र जात नसेल तेव्हासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही तिथेच आहे.