विचारा ताईंना : मजुरांची चार पोरं आणि देशाची गरिबी

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. एकेका जोडप्यामागे तीन-तीन, चार-चार पोरं. दोघं दिवसभर राबतात, तरी गाठीला काही उरत नाही. मला वाटतं, आपल्यासारख्या देशांची गरिबी या वाढत्या तोंडांमुळेच हटत नाही. दोनच्या वर मूल नको, असा कडक कायदा सरकार का करत नाही?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, ज्या डोंगरातून ही माणसं तुमच्याकडे येतात, तिथेच माझी सगळी नोकरी झाली. १९८४ साली पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आणि पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या नवरा-बायकोंची, नोंदवही हातात आली. बाईच्या नावापुढे त्यात दोन रकाने होते. एक एकूण बाळंतपणांचा, दुसरा हयात मुलांचा. पहिल्यात सहा, दुसऱ्यात तीन. पाच आणि तीन. चार आणि दोन. पानामागून पान असंच. दोन आकड्यांमधली जी वजाबाकी, ती त्या घराच्या मागच्या माळावर पुरलेली असायची.

पहिल्याच पावसाळ्यात एका घरी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं विचारायला गेले. बाई नागली पाखडत होती. हातातलं सूप न थांबवता म्हणाली, "बाई, चार झाली, जगली दोन. त्यातलं धाकटं आठ दिवस जुलाबानं पडलंय. तुम्हीच सांगा, कशी थांबू?" मी ऑपरेशनचं बोलणं तिथेच सोडलं. चूल पेटवून पाणी उकळलं, गार केलं, त्यात मीठ-साखर कालवली आणि संध्याकाळपर्यंत त्या पोराला चमच्याचमच्याने पाजत बसले. ते पोर वाचलं. तीन वर्षांनी ती बाई स्वतःच्या पायाने केंद्रावर आली आणि म्हणाली, "आता करा."

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हेच आहे. पोरं जास्त म्हणून माणूस गरीब, हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. पण पोर जगेल याचा भरवसा नाही, म्हातारपणी पेन्शन नाही, पोरगी चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढते, म्हणून पोरं जास्त होतात, हे घरात जाऊन बसल्याशिवाय दिसत नाही. १९७१ साली आपल्या देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० पर्यंत हा आकडा २८ वर आला. त्याच काळात एका बाईला सरासरी पाचावर होणारी मुलं दोनवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशाची सरासरी २.० आहे आणि आपल्या महाराष्ट्राची १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे जे कायद्याने करावं असं तुम्ही म्हणता, ते बायकांनी कायद्याविना केलेलं आहे. तरी माणसं वाढताना दिसतात, कारण आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज आईच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी आयाच संख्येने जास्त. हा भर ओसरायला काही दशकं जातात.

आता सक्तीचं. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. तरी १९७६ ला आपण सक्तीच्या वाटेला गेलो आणि एका वर्षात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर आठ वर्षांनी मी त्या पाड्यांवर जात होते, तरी जीपचा आवाज आला की पुरुष रानात पळायचे. जीपमध्ये लस आहे हे सांगायलाही कुणी उरायचं नाही. त्या धास्तीने गोवराच्या लसीला मुकलेली पोरं मी पाहिली आहेत. आम्हालाही नसबंदीचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की "केसेस किती?" एवढंच विचारलं जायचं, बाईच्या अंगात रक्त किती हे कुणी विचारत नसे. १९९६ मध्ये टार्गेट बंद झालं, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

शेजारचा बांगलादेश बघा. १९७१ ला स्वतंत्र झाला तेव्हा तिथे बाईमागे जवळजवळ सात मुलं होती, आणि तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. त्यांनी श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही. गावातल्याच शिकलेल्या बायका दारोदार पाठवल्या, गोळ्या घरपोच दिल्या, लसी दिल्या, पुढे मुलींना शाळेसाठी पैसे दिले. आज तिथे सरासरी दोनच्या आसपास आहे.

तुमच्या बोलण्यात खरं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये अजून बाईमागे सहाच्या आसपास मुलं होतात आणि जवळपास निम्मी प्रजा पंधरा वर्षांखालची आहे. या वेगाने वीस-बावीस वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. म्हणजे जेवढ्या शाळा, जेवढे दवाखाने आज आहेत तेवढे पुन्हा बांधावे, तेव्हा कुठे आहे ती स्थिती टिकणार. पुढे जाणं लांबच. ओझं खरं आहे. पण ते उतरतं मुलींच्या शाळेने आणि दवाखान्याने, पोलिसाने नाही.

एक मागणं आहे. टोळी मळ्यावर उतरली की लहान पोरांची लसीकरण कार्डं बघा. गाव सोडल्यावर डोस हमखास चुकतात. पेठचं कार्ड निफाडच्या उपकेंद्रातही चालतं. तुमच्या गावच्या आशाताईला एक फोन करा, ती मळ्यावर येईल. आणि झोपडीशी धाकट्याला सांभाळत बसलेली दहा-अकरा वर्षांची पोरगी दिसली, तर तिला गावच्या शाळेत बसवा. छाटणीपुरती का होईना. मास्तर नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : ताई, आमचे सर म्हणतात, तरुण लोकसंख्या हीच भारताची ताकद. मग लोकसंख्या चांगली की वाईट?
– बी.ए. द्वितीय वर्ष, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बाळा, सरांचं बरोबर आहे, पण अर्धं. कमावत्या वयाची माणसं जास्त आणि सांभाळायची कमी, असा काळ देशाला एकदाच मिळतो. दक्षिण कोरियाला तो मिळाला तेव्हा त्यांची पोरं शाळेत होती आणि पुढे कारखान्यांत कामं तयार होती. म्हणून १९६० ला बाईमागे सहा मुलं असलेला तो गरीब देश श्रीमंत झाला. २०२३ मध्ये तिथे बाईमागे मुलांची सरासरी ०.७२ वर आली आणि म्हाताऱ्यांना बघणार कोण, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. आपल्याकडे सकाळी सातपूरच्या नाक्यावर कामाची वाट बघत उभी असलेली पोरं जाता-येता बघ. त्यातली किती दहाच्या आत कामावर जातात आणि किती डबा न उघडता घरी परततात, ते मोजून मला कळव.