स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ही शाखा निवडावी का?

तुम्ही वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षात आहात, शस्त्रक्रियेची ओढ आहे, बाळंतपणाच्या वेळी हजर राहायला आवडते, पण रात्रीच्या जागरणांची धास्ती वाटते, आणि म्हणून ही शाखा घ्यावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे. या शाखेत अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पहिल्या दोन आवडी निर्णयासाठी पुरेशा नाहीत आणि जागरणांची धास्ती वाटते तितकी निर्णायक नाही. तुम्हाला सावध राहून वाट पाहता येते का, हे मात्र आधी तपासून पाहायला हवे.

प्रसूतिकक्षातला बराचसा वेळ हातात काही न घेता लक्ष ठेवण्यात जातो. कळा किती वेळाने येतात, गर्भाशयमुख किती उघडले, बाळाचे डोके किती खाली सरकले, त्याचे ठोके मिनिटाला ११० ते १६० या मर्यादेत आहेत की कळ ओसरल्यावरही मंदावलेलेच राहतात, याची नोंद तासन्‌तास ठेवावी लागते, आणि त्या नोंदींवरून आता थांबायचे की हस्तक्षेप करायचा हे ठरवावे लागते. घाईने केलेले अनावश्यक सिझेरियन त्या दिवशी सुरक्षित वाटते, परंतु पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणावर रुजण्याचा धोका वाढवून ठेवते. उलट, उगाच लांबवलेली वाट बाळाच्या मेंदूला इजा करू शकते. हात शस्त्रक्रियेला सरावतात, ते मला फारसे अवघड वाटत नाही. थांबण्याचा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पेलायला मात्र फार वेळ लागतो.

हीच शांतता काही मिनिटांत मोडते. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते, त्यामुळे वार सुटल्यानंतर गर्भाशय घट्ट आकसले नाही तर धडधाकट बाई बघता बघता अत्यवस्थ होते. अशा वेळी गर्भाशयाला मसाज, ते आकसवणारे ऑक्सिटोसिन, प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, गर्भाशयात फुगा, आणि तरीही रक्तस्राव न थांबल्यास शस्त्रक्रिया, असे एकेक पाऊल भराभर उचलावे लागते. हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हेच. परिचारिका, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याशी तुमचे जितके जमते, तितकी ती स्त्री सुरक्षित असते. ज्याला सहकाऱ्यांचे ऐकून घेता येत नाही, त्याने ही शाखा घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

शाखेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे स्त्रीरोग, आणि विद्यार्थी त्याचा विचार कमी करतात. पाळीच्या तक्रारी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), वंध्यत्व, अंग बाहेर येणे, रजोनिवृत्ती आणि कर्करोग असा त्याचा पसारा आहे. १९७८ मध्ये शरीराबाहेर फलन होऊन पहिले बाळ जन्मले, तेव्हापासून वंध्यत्वावरील उपचारांचे क्षेत्र स्वतंत्रपणे वाढले. एचपीव्ही या विषाणूवरील लस आणि नियमित तपासणी यांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी टाळता येतो. येथे रोगनिदानाइतकेच ऐकून घेणे महत्त्वाचे असते, कारण वर्षानुवर्षे वेदना सहन केलेल्या स्त्रीला ‘हे सगळ्यांनाच होते’ असे सांगून अनेकांनी परत पाठवलेले असते. तपासणीपूर्वी काय करणार आहोत हे सांगणे, तिची संमती घेणे आणि तिने थांबा म्हटल्यावर लगेच थांबणे, हा उपचाराचाच भाग आहे.

पोटातच बाळ गेल्याचे आईला सांगण्याची वेळ तुमच्यावर येईल. ती सवयीने सोपी होत नाही, आणि ती सोपी व्हावी असे मला वाटतही नाही. शिवाय प्रसूतीत काही बिघडले तर कायदेशीर तक्रारीची शक्यता असते. म्हणून प्रत्येक नोंद वेळेसह आणि त्याच वेळी लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता जागरणांविषयी. निवासी डॉक्टर म्हणून घालवायची वर्षे, मग ती भारतातली ३ असोत, अमेरिकेतली ४ असोत वा ब्रिटनमधली ७, दमवणारी असतात, यात शंका नाही. पुढे मात्र पर्याय आहेत: पाळ्या वाटून घेणाऱ्या गटात काम करता येते, किंवा प्रसूतीचे काम थांबवून केवळ स्त्रीरोग, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया अथवा वंध्यत्व यांवर लक्ष देता येते. मात्र पहिल्या दिवसापासून प्रसूती टाळण्याच्याच विचाराने ही शाखा घेणार असाल, तर दुसरी शस्त्रक्रिया-शाखा पाहणे अधिक योग्य ठरेल.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी परवानगी घेऊन काही रात्री प्रसूतिकक्षात काढा, आणि एखाद्या स्त्रीच्या पहिल्या कळांपासून वार पडेपर्यंत तिच्याजवळ थांबा. केवळ सिझेरियन पाहायला जाऊ नका. ज्या रात्री काहीच विशेष घडले नाही, त्या रात्रीही तुमचे लक्ष टिकून राहिले असेल, तर निःशंकपणे ही शाखा निवडा.