यूट्यूबवरच्या जाहिरातीतल्या आजारी बाळासाठी दिलेले पैसे खरंच त्याला मिळतात का?

तुम्ही हजार रुपये दिलेत, नंतर तेच बाळ, तेच नाकातली नळी लावलेलं, महिनाभर रोज दिसत राहिलं आणि शंका आली. शंका रास्त आहे. मी काही वर्षं एका सीएच्या ऑफिसात ट्रस्टचे ऑडिट करायचो, तिथलं सांगतो.

धडधडीत चोरी मला फारशी दिसली नाही. पैसा मुरतो तो मधल्या मध्ये. महाराष्ट्रातल्या ट्रस्टना धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्यातल्या अनुसूची ९ मध्ये आस्थापना खर्च वेगळा आणि ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा दाखवतात. आमच्याकडच्या एका संस्थेनं फेसबुकच्या जाहिराती आणि देणग्या गोळा करणाऱ्या एजन्सीचं कमिशन 'आरोग्य जनजागृती' म्हणून उद्दिष्टांत बसवलं होतं. ताळेबंद देखणा! व्हाउचर काढले तर औषधांची बिलं एका पातळ फायलीत मावली, जाहिरातींना दोन बॉक्स फायली. आमच्या सीए सरांनी शेरा मारला. पुढच्या वर्षी त्या संस्थेनं ऑडिटर बदलला.

क्राउडफंडिंग, म्हणजे वेबसाइटवरून लोकांकडून गोळा केलेली वर्गणी असेल, तर तुमची पावती परत बघा. पैसे भरताना काही ठिकाणी 'टिप' आधीच लावलेली असते आणि शून्य करायला 'इतर'मध्ये शिरावं लागतं. ती रक्कम बाळाची नाही, वेबसाइटची.

देणगीवर ८०जीची करसवलत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती करातली वजावट आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. (नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावटही नाही.)

मला मात्र सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय (ट्रस्टनी चालवलेल्या) रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन धरतात. म्हणजे जाहिरातीतलं बाळ अशा रुग्णालयात असेल आणि बाप खरंच रोजंदारीवर असेल, तर पहिला प्रश्न 'किती लाख हवेत' हा नाही. 'तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दिला का, आणि रुग्णालयानं काय उत्तर दिलं' हा आहे. जाहिरातीत हे कुणी विचारताना पाहिलंय?

मी हल्ली सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना जाऊन भेटतो. त्यांच्याकडे गरजू रुग्णांची रोजची यादी तयार असते. मागच्या खेपेला मी पाच हजारांच्या तयारीनं गेलो होतो. बाई म्हणाल्या, "ऑपरेशन फुकट झालंय हो. पण पेशंटची आई आठ दिवस कॉरिडॉरमध्ये झोपतेय, तिच्या दोन वेळच्या जेवणाचं आणि गावी जायच्या गाडीभाड्याचं बघाल का?" सगळे मिळून अठराशे लागले.