गिनी गवताचे न झडणारे वाण निवडीने मिळेल का?

गुहागरकडील आपल्या बांधावरच्या गिनी गवताचे (चाऱ्याच्या गवताचे) बी काढणीपूर्वीच गळते. ज्या ठोंबांवर ते टिकलेले दिसते त्यांचेच बी दरवर्षी पेरत गेल्यास न झडणारे वाण तयार होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुधा होणार नाही, आणि त्याचे कारण या गवताच्या प्रजननातच आहे.

गिनी गवताच्या बियांतील गर्भ बहुतेक वेळा फलनाशिवाय, म्हणजे नर-मादी पेशींच्या मिलनाशिवाय, आईच्याच पेशीपासून तयार होतो. परागकण लागतो तो बियांतील पोषक भाग भरण्यापुरता. त्यामुळे संतती आईची हुबेहूब प्रत निघते. आपल्या बांधावर दोन-तीन निरनिराळे वंश मिसळलेले असतील, तर पहिल्या निवडीत चांगला वंश वेगळा काढता येईल. पुढच्या निवडीत हाती काही लागणार नाही. म्हणूनच पैदासकारांना पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या, फलनाने बी धरणाऱ्या गिनी गवताच्याच झाडांचा संकरासाठी आधार घ्यावा लागला.

भाताचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. खाचरातले देवभात, म्हणजे रानटी भात, पिकले की हात लागताच गळते, कारण दाण्याच्या बुडाशी पेशींचा एक विलग होणारा थर तयार होतो. लागवडीच्या भातात हा थर अपुरा राहतो. त्यामागील ‘एसएच४’ या जनुकातील एका अमिनो आम्लाचा बदल २००६ साली उलगडला. मात्र भात स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारे, असल्यामुळे असा बदल निवडीने स्थिर करता येतो. गिनीत तो मार्ग बंद आहे.

शिवाय ‘टिकलेले’ बी अनेकदा फसवते. मीही एकदा असेच पाच ठोंब मोठ्या कौतुकाने खुणा करून ठेवले होते. त्यांपैकी तीन केवळ उशिरा फुलणारे निघाले आणि उरलेल्या दोघांचे बी नखाने दाबताच पोचट असल्याचे कळले. या गवताचा तुरा शेंड्याकडून खाली कित्येक दिवस पिकत राहतो, त्यामुळे तुरा बाहेर पडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून, समवयस्क तुऱ्यांवर जाळीच्या पिशव्या बांधून, गळलेले व टिकलेले भरीव बी वेगवेगळे मोजल्याशिवाय तुलना करू नये.

परतीचा पाऊस ओसरल्यावर याच पिशव्या बी गोळा करण्यासही उपयोगी पडतात. केवळ क्षेत्र वाढवायचे असेल, तर पावसाच्या सुरुवातीस ठोंब फोडून लावावेत. बियांची गरजच उरणार नाही.